अंगठा आमचा, आकडा तुमचा

आदिवासींना कॅन्सर होत नाही, असं मला एका शिकल्यासवरल्या गृहस्थानं सांगितलं. रानातली हवा, कंदमुळं, कष्टाचं शरीर. त्यांना कसला कॅन्सर? पांढरपेशा माणसाच्या डोक्यातला आदिवासी म्हणजे भिंतीवरचं वारली चित्र. तारपा वाजतोय, गोल धरून नाचतायत, कुणाच्या गळ्यात गाठ नाय, कुणाच्या तोंडात फोड नाय. हीच चित्रं वसई-विरारच्या टॉवरांच्या लॉबीत लागलीत. चित्र भिंतीवर, आणि चित्रवाले तुंगारेश्वरच्या पायथ्याला पत्र्याखाली.

या गृहस्थाला आकडा दाखवावा लागतो, कारण माणूस दाखवून त्याला पटत नाही. तर घ्या. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा २०२० चा अहवाल आहे. पुरुषांत कॅन्सरचं देशातलं सगळ्यात जास्त प्रमाण कुठे सापडलं? मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात, वर्षाला लाखामागे २६९.४. बायकांत कुठे? अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात, लाखामागे २१९.८. दोन्ही मुलूख आदिवासींचे. तिथे नोंदवह्या आहेत, माणसं मोजली, म्हणून दिसलं. ऐजॉलचा आकडा उचलून मी पालघरला चिकटवत नाही. तिथलं खाणंपिणं वेगळं, तंबाखू वेगळी, रोगही वेगळा असेल. मी एवढंच म्हणते की 'होत नाही' आणि 'मोजलं नाही' या दोन गोष्टी एकच समजायच्या, हा इथल्या शहाण्यांचा जुना धंदा आहे.

मोजायचं म्हटलं की मोजता येतं. मुंबईत कॅन्सरची नोंदवही १९६३ मध्ये सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीनं केली, देशातली अशी पहिली. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वहीतून १९७० मध्ये पारशी समाजाचा कॅन्सर वेगळा काढून छापला. पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त आहे हे त्यातून कळलं. चांगलंच काम केलं. मूठभर पारशांचा हिशोब वेगळा लागतो, कारण तो समाज शिकलेला, पैसेवाला, डॉक्टरही त्यांच्यातलेच. पालघर जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ११ लाखांवर आदिवासी आहेत, शंभरात ३७. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. यांचा रकाना कुठाय? नोंदणीचे जाडजूड अहवाल जिल्हा सांगतात, वय सांगतात, अवयव सांगतात. जमात सांगत नाहीत.

आणि मुंबईची वही बृहन्मुंबईची. ती दहिसरला संपते. विरारची बाई परळला टाटात जाऊन मेली तरी मुंबईच्या आकड्यात ती नाही, कारण ती मुंबईची रहिवासी नाही. इस्पितळाच्या रजिस्टरात असेल. पण इस्पितळाच्या रजिस्टरातून लाखामागे किती, हे निघत नाही, कारण जे इस्पितळापर्यंत पोचले तेवढेच त्यात असतात. न पोचलेल्यांचं रजिस्टर म्हणजे स्मशान.

हे झालं मोजायचं नसतं तेव्हाचं. गरज पडते तेव्हा काय होतं तेही बघा.

१९९८ मध्ये टाटा मेमोरियलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. १,५१,५३८ बायका. झोपडपट्ट्यांत कोण राहतं ते या पानांच्या वाचकाला मी सांगायला नको. त्यातल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. सोपी तपासणी, व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची. बाकीच्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना कॅन्सरविषयी माहिती सांगितली आणि सोडून दिलं. मग दोन्हीकडे किती मरतात ते मोजलं. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरनं मरण ३१ टक्क्यांनी कमी झालं.

तसाच उस्मानाबादचा अभ्यास, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीच्या कॅन्सर इस्पितळाच्या मदतीनं, गेट्स फाउंडेशनच्या पैशानं. १,३१,७४६ बायका, ४९७ गावं. २००९ मध्ये निकाल छापला. विषाणूची एकदा तपासणी केलेल्या गटात ३४ बायका गेल्या, काहीच न केलेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. मधला फरक ३० बायांचा. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिलीनं ३० काड्या मारल्या, पाच-पाचच्या. जगभरच्या डॉक्टरांनी या कामाचं कौतुक केलं, आणि ते खोटं नाही. या अभ्यासांच्या जोरावर आज कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया वाचतायत.

पण एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं सरळ प्रश्न टाकला. या तपासणीनं जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशकं माहीत होतं, मग एका गटाला तसंच का ठेवलं? मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल धरून तपासणी न झालेल्या गटांत १,३८,६२४ बायका होत्या, आणि त्यातल्या किमान २५४ या कॅन्सरनं मेल्या, असा हिशोब त्यानं २०१४ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात मांडला. संशोधकांचं उत्तर काय? भारतात अशी तपासणी तेव्हा कुणालाच मिळत नव्हती, म्हणून 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही. आम्ही त्यांच्याकडून काढून काही घेतलं नाही.

हे उत्तर नीट ऐका. तुम्हाला आधीच काही मिळत नव्हतं, म्हणून न देणं चालतं. हजार वर्षं आपल्याला पाणवठ्यावर हेच सांगितलं.

तिसरं प्रकरण आदिवासी पोरींचं आहे. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात, भद्राचलमच्या बाजूला (आता तेलंगणात), 'पाथ' या अमेरिकन संस्थेनं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला आणि राज्य सरकारला सोबत घेऊन १० ते १४ वयाच्या सुमारे १४,००० मुलींना एचपीव्हीची लस दिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस. गुजरातेत वडोदऱ्यातही दिली. खम्ममच्या किती तरी मुली वसतिगृहांतल्या, आदिवासी. काही मुली मेल्या, ओरड झाली, एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशीत मरणं लसीमुळे आल्याचं सिद्ध झालं नाही. सर्पदंश, बुडणं, ताप, विष अशी कारणं निघाली. ते मी मान्य करते. लसही चांगली आहे, माझ्या भाचीला मी ती द्यायला सांगितलीय. पण संसदेच्या स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ मध्ये जो अहवाल दिला त्यात संमतीचे कागद मोजलेत. आंध्रच्या ९,५४३ कागदांपैकी २,७६३ वर सही आईबापाची नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. १,९४८ वर नुसते अंगठे. पोर कुणाची आणि सही कुणाची!

डहाणू आणि जव्हार प्रकल्पांखाली किती आश्रमशाळा आहेत ते बघा, आणि उद्या तिथल्या अधीक्षकापुढे असलाच गठ्ठा आला तर तो काय करील याचा विचार करा. मला तर तो सही करताना दिसतोच. एकीकडे खिचडीचा हिशोब, एकीकडे सह्या.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. त्याच वेळी देशात लसीचा दुसरा एक अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघण्याचा. खम्ममच्या गोंधळात सरकारनं तोही थांबवला. १७,७२९ मुली त्यात आल्या होत्या. त्यातल्या जवळपास पाच हजारांना एकच डोस मिळाला, पुढचे राहून गेले. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि एक डोसही टिकतो असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यामागे या मुलींचं रक्त आहे. गरीब देशांचा केवढा पैसा वाचला. म्हणून मी संशोधनाला शिव्या घालणाऱ्यांतली नाही. विज्ञान आपलं आहे. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले ते काय अंगारा लावायला? माझं भांडण वेगळं आहे. जगाला ज्ञान मिळतं ते ज्यांच्या अंगातून मिळतं त्यांचं नाव भागीदार म्हणून कुठे येतं का, एवढंच विचारते.

आता 'भागीदार' हा शब्द निघालाच आहे. हल्ली तो फार चालतो. आमच्या बाजूला पाड्यावर एका संस्थेचं तपासणी शिबिर होतं. नाव घेत नाही, सगळ्या एकाच साच्यातल्या. मला सांगितलं, "तू बौद्धवाड्यातली, पाड्यावरच्या बाया तुला ओळखतात, तू बायका जमव. तू आमची कम्युनिटी पार्टनर." मला एक टोपी दिली. बॅनरवर खाली 'स्थानिक समाजाच्या सहभागातून' असं छापलं होतं. प्रश्न आधीच ठरलेले, छापलेले, बारा पानं. दिवस ठरलेला, डॉक्टर ठरलेला, फोटोग्राफर तर सगळ्यात आधी ठरलेला. समाजाचा सहभाग म्हणजे मी, टोपी आणि रांग.

कागदावर लिहिलं होतं, 'मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना सदर अभ्यासात सहभागी होण्यास संमती देत आहे.' हे वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. 'स्वेच्छेने' म्हणजे काय गं, असं एका म्हातारीनं विचारलं. मी म्हटलं, बाय, तुझ्या मर्जीनं. ती म्हणाली, मर्जीनं असेल तर अंगठा कशाला?

या प्रश्नाला इतिहास आहे. याच मुलखात लग्नाला घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत, त्याला लग्नगडी म्हणत. तिथेही कागद होता, तिथेही अंगठा होता. १९४५ मध्ये वारली उठले, तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड गेला, तेव्हा कुठे लग्नगडीची आणि वेठीची पद्धत मोडली. ज्या माणसाच्या आज्याचा अंगठा सावकाराच्या वहीत अडकला होता तो तुमच्या कागदाकडे संशयानं बघतो, आणि तुम्ही अहवालात लिहिता, 'अज्ञानामुळे प्रतिसाद कमी'.

त्या शिबिरात एका बाईच्या तोंडात पांढरा चट्टा निघाला. डॉक्टर चांगला होता, समजावून सांगितलं. चिठ्ठी दिली, परळला जा. जा म्हणजे कसं? पाड्यावरून फाट्यापर्यंत चालत, तिथून रिक्षा विरार स्टेशन, तिथून लोकल. विरारच्या सकाळच्या लोकलमध्ये चढायला आपल्यासारख्यांचे हाल होतात, तिला तर स्टेशनच नवं. उतरून परळपर्यंत, मग रांग, मग दुसरी रांग, मग 'परवा या'. परवा या म्हटलं की तिचे तीन दिवसांचे रोजगार गेले. सरकारी योजनेत कॅन्सरचा उपचार आहे, पण त्याला रेशनकार्ड लागतं, आणि तिचं कार्ड सासरच्या नावावर, दुसऱ्या तालुक्यात. दोन वेळा मी गेले बरोबर. त्या फुटपाथवर झोपलेले पेशंट बघून ती काहीच बोलली नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरवाल्यांना आसरा देते, ती नसती तर आणखी किती जण रस्त्यावर असते कोण जाणे. तिसऱ्या वेळी मी पाड्यावर गेले तर घराला दार लावलेलं. माणसं वीटभट्टीवर गेली होती.

शिबिराच्या कागदांचं काय झालं विचारलं. म्हटलं एक प्रत पाड्याला द्या. उत्तर मिळालं, "डेटा गोपनीय असतो." कुणापासून गोपनीय? ज्यांचा आहे त्यांच्यापासून?

वीटभट्टीचा विषय थोडा जास्त सांगते, कारण कॅन्सरच्या संशोधनाचा आणि भट्टीचा संबंध शहाण्यांच्या ध्यानात येत नाही. भातकापणी झाली, दिवाळी आटोपली की पालघरचे पाडे रिकामे होतात. माणसं वसईच्या, भिवंडीच्या, पार ठाण्याच्या भट्ट्यांवर जातात, पोरंबाळं, कोंबड्या, भांडी सगळं घेऊन. पाऊस जवळ आला की परततात, आवणीला. आता संस्थांचं वर्ष बघा. पैसा आला, माणसं नेमली, आणि तपासणी निघते जानेवारी-फेब्रुवारीत, मार्च अखेर आकडे द्यायचे म्हणून. तेव्हा पाड्यावर म्हातारे आणि कुत्री. मग लिहितात, 'पाठपुराव्यातून गळाले'. गळाले म्हणे! ते कामणच्या भट्टीवर होते, चिखल तुडवत होते. तुम्ही हायवेनं मोटारीतून गेलात तेव्हा त्यांच्याच धुरातून गेलात. ज्या कामाचं वेळापत्रक भाताच्या आणि विटेच्या वेळापत्रकाला लावून घेतलं नाही त्या कामात आदिवासी भागीदार आहे असं म्हणू नये. पहिली तपासणी आवणीनंतर, दुसरी भट्टीवर जाऊन, तिसरी परतल्यावर. हे सांगायला पीएचडी लागत नाही. पाड्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि तंबाखू. यावर डॉक्टर लोक जे व्याख्यान देतात त्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीनं, डॉ. अभय बंग तिचे अध्यक्ष, २०१८ मध्ये अहवाल दिला. १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांपैकी ७२ टक्के तंबाखू वापरतात, असं त्यात आहे. भयंकर आहे, मी लपवत नाही. तोंडाचा कॅन्सर त्यातूनच येतो. पण भट्टीवर पहाटे तीनला उठून विटा पाडणाऱ्याच्या पोटात काय असतं? तंबाखू भूक मारते. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि विरार स्टेशनबाहेर काय मिळत नाही ते सांगा. एसटी जात नाही तिथे पुडी जाते. प्रश्नावलीत विचारतात, दिवसाला किती विड्या? कुणी विचारतं का, दिवसाला किती विटा?

प्रश्न कुणाचा, यावर सगळं ठरतं. पाड्यावर बसून गप्पा मारल्या तर लोक वेगळंच विचारतात. तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून चालू आहे, तिचं काय होतं का आम्हाला? बोईसरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत जातं, ते मासे आम्ही खातो, त्यानं होतं का? भट्टीच्या धुरानं होतं का? शेजारची बाय अंगावरून जातं म्हणून वर्षभर बसून राहिली, तिला काय झालं होतं? यातल्या कशाचं उत्तर हो असेल, कशाचं नाही असेल. कदाचित अणुभट्टीचा काही संबंध नसेल. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं की नको? छापील बारा पानांत यातला एक प्रश्न नव्हता.

अमेरिकेत ॲरिझोनात हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात आहे, मोठ्या दरीच्या तळाशी राहते. त्यांच्यात मधुमेह फार. त्यांनी मधुमेहासाठी म्हणून १९९० पासून तिथल्या विद्यापीठाला रक्त दिलं. पुढे कळलं की त्याच रक्तावर वेडाचे, आपसातल्या लग्नांचे, जमात कुठून आली याचे अभ्यास झाले, कुणाला न विचारता. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. रक्त परत केलं! कॅनडातल्या आदिवासींनी १९९८ मध्ये चार शब्द ठरवले: माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, ती बघण्याचा हक्क, आणि ती आपल्या ताब्यात ठेवणं. हे चार मान्य नसतील तर आमच्या गावात येऊ नका. आपल्याकडेही आयुर्विज्ञान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आदिवासींविषयी, समाजाशी आधी बोलण्याविषयी बरंच चांगलं लिहिलंय. पुढाऱ्याची परवानगी मिळाली तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यायची, फायद्यात वाटा द्यायचा. लिहिलंय. अस्पृश्यताबंदीही घटनेत लिहिलीय.

आता वसई-विरारची खास अडचण. डोंगरी तालुक्यांत पेसा कायदा आहे, १९९६ चा. ग्रामसभा आहे. संशोधक आला तर ग्रामसभा त्याला बसवून विचारू शकते, कोण तू, कशाला आलास, कागद दाखव. वसई तालुक्यातलीही काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पण २००९ मध्ये महानगरपालिका झाली, चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती तिच्यात घातल्या. कित्येक गावांनी आम्हाला नको म्हणून आंदोलनं केली. पेसा शहराला लागू नाही. पाडा महापालिकेच्या हद्दीत आला की त्याची ग्रामसभा गेली. नळ आला नाही, दवाखाना आला नाही, ग्रामसभा मात्र गेली. मग पेल्हार-गोखिवऱ्याच्या पाड्यावर कोण परवानगी देणार? नगरसेवक? तो टोपी घालून बॅनरखाली उभा असतो.

(सोपाऱ्यात अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडलेत, आठव्या आणि नवव्या लेखाचे. माणसांना आणि जनावरांना औषधपाणी करण्याचा लेख दुसरा. त्याचा तुकडा काही आमच्याकडे सापडलेला नाही.)

दोस्तांनो, आता तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणाल हा आदिवासींचा प्रश्न, आपण कोण? १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित कोणाला म्हटलंय ते काढून बघा. अनुसूचित जमाती त्यात आहेत, बायाही आहेत. आणि पँथर हे नाव कुठून घेतलं? १९७२ मध्ये आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून नाव घेतलं. त्याच वर्षीच्या जुलैत तिकडे टस्कगीचं प्रकरण फुटलं होतं. ४० वर्षं सरकारी डॉक्टरांनी सुमारे ४०० काळ्या पुरुषांचा गरमीचा रोग नुसता बघत ठेवला, पेनिसिलीन आल्यावरही दिलं नाही, मरेपर्यंत नोंदी केल्या. ब्लॅक पँथरवाले फक्त भाषणं करत नव्हते. १९७० नंतर त्यांनी वस्त्यांत फुकट दवाखाने काढले, सिकलसेलची तपासणी स्वतः हातात घेतली, कारण गोऱ्यांचं वैद्यक काळ्यांच्या रोगाकडे ढुंकून बघत नव्हतं. नाव आपण आणलं. दवाखाना तिकडेच राहिला.

आपल्या पोरांना गर्भाशय शब्द उच्चारला की हसू येतं. मीटिंगमध्ये मी हा विषय काढला तर एकानं 'हा बायकांचा विषय महिला आघाडीकडे द्या' म्हटलं. बरं. तोंडाचा कॅन्सर कुणाकडे देऊ? तोंडात पुडी तर तुझ्याच आहे.

करण्यासारखं काम आहे, आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे. मुंबईच्या त्या अभ्यासात व्हिनेगरची तपासणी डॉक्टरांनी केली नाही, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून करून घेतली, आणि त्यांनी ती चोख केली. म्हणजे आमच्या वस्तीतल्या, पाड्यावरच्या दहावी-बारावी झालेल्या मुली हे करू शकतात. पगारावर. स्वयंसेवक नकोत, फुकट राबणं आपल्या आयांनी पुरेसं केलंय. जी संस्था येईल तिला आधी पाड्यावर बसवायचं, पाड्याची समिती करायची, अर्ध्याहून जास्त बाया. कायद्यानं ग्रामसभा नसली म्हणून पाडा बसायचा थांबत नाही. प्रश्नांतले निम्मे पाड्याचे. पहिला कापूस लावायच्या आधी लेखी घ्यायचं की ज्या बाईत काही निघेल तिचा उपचार, गाडीभाडं आणि बुडालेला रोज कोण देणार. एका गटाला देऊ आणि एका गटाला बघत राहू, असला अभ्यास असेल तर हात जोडायचे आणि फाट्यापर्यंत सोडून यायचं. वहीची एक प्रत पाड्यावर, नावं झाकून हवी तर. आणि काय निघालं ते छापायच्या आधी पाड्यावर त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचं. इंग्रजीत छापून अमेरिकेत वाचून दाखवतात, इथे वाचायला काय हरकत आहे?

संस्था येईपर्यंत थांबायचं कारण नाही. आपली वही आपण सुरू करू. कोण आजारी, कोण गेलं, कशानं गेलं, कुठल्या इस्पितळात फिरलं, किती खर्च आला, कुठे सोडून दिलं. याला विज्ञान म्हणत नाहीत ते मला माहीत आहे. लाखामागे किती ते यातून निघणार नाही. पण नोंदणीवाल्यांच्या दारात जाऊन 'आमच्या जमातीचा रकाना काढा' म्हणायचं तर हातात काही तरी हवं.

दिवाळीच्या आत, माणसं भट्टीवर जायच्या आधी, आम्ही चौघी जणी पाडे फिरणार आहोत. कापणी उरकतानाचे रविवार धरलेत. वही घेतलीय, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. येणार असाल तर विरार फाट्यावर सकाळी साडेसहाला उभे राहा. बॅनर नाही, टोपी नाही. डबा आपापला आणा, आणि पुडी घरी ठेवून या.